शेऱ्याचा रकाना

७ ऑक्टोबर १९६२, रविवार

नवी वही सुरू केली. रुथ म्हणाली, "जुन्या अकरा वह्या कोण वाचणार आहे?" म्हटले, कोणी नाही, म्हणूनच त्यांत खरे लिहिता येते. ती हसली आणि पोहे निवडायला बसली. आमच्या यहुदी धर्माप्रमाणे शनिवारी लेखणी धरायची नाही, तेव्हा शनिवारचे काही घडले तर ते रविवारी लिहीन. जुन्या वह्यांत हेच केले आहे.

आज वाचनालयाच्या व्याख्यानमालेचे ठरले. पनवेलच्या या वाचनालयाचा मी अकरा वर्षे मानद ग्रंथपाल आहे. मानद म्हणजे काम करायचे आणि बोलणी खायची. दिवसा हायस्कुलात इंग्रजी शिकवतो, संध्याकाळी पुस्तके देतो-घेतो, पण व्यासपीठावर मला आजवर कोणी बसवले नव्हते. आमचे अध्यक्ष दाजी वकील म्हणाले, "नाथनमास्तर, यंदा तुम्हीच बोला. इंग्रजी काव्यातला निसर्ग वगैरे." मी विषय आधीच ठरवून ठेवला होता: 'जुलमी राज्यांच्या कादंबऱ्यांतले दोन बंडखोर'. दाजींनी तपकीर ओढली आणि म्हणाले, बघा बुवा.

दोन्ही कादंबऱ्या परदेशी आहेत, मराठीत आलेल्या आहेत आणि आमच्या कपाटात आहेत. 'घंटांचे राज्य' या कादंबरीत लोकांनी उठायचे, जेवायचे, लग्न करायचे तेही सरकारी घंटेवर. ओस्कर हा घंटाघरातला कामगार एके दिवशी मोठी घंटा फोडतो. त्याला पकडतात, आणि फाशी जाताना तो असे भाषण करतो की वाचताना अंगावर काटा येतो. 'नावांची कोठी'मध्ये सरकारला नकोशा झालेल्या माणसाचे नाव दप्तरातून खोडतात, मग ते नाव उच्चारणे हाही गुन्हा. तिथला कारकून तोबियास खोडलेली नावे आपल्या कोटाच्या अस्तरावर आतून लिहून ठेवतो. पकडला जातो, दुसऱ्याच दिवशी घाबरतो आणि कोट काढून देतो. माझे प्रतिपादन सरळ आहे: ओस्कर हा खरा बंडखोर, तोबियास कचखाऊ.

१४ ऑक्टोबर, रविवार

चंद्रावती आली होती. कामोठ्याहून खाडीच्या बांधाबांधाने चालत येते आणि तशीच जाते. तिचा बाप बुधाजी मिठागरावर मजुरी करतो. हायस्कुलात पाच वर्षे माझ्या वर्गात होती, तिच्या गावातली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. आता गावच्याच शाळेत शिकवते. तिला पहिली कादंबरी मी हातात दिली, हे मी कोणालाही सांगायला कमी करत नाही.

माझ्या रजिस्टरात एक रकाना आहे, तो इतर कुठल्या वाचनालयात नसेल. नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख, आणि शेवटी 'शेरा'. कोणी पुस्तक कसे वापरले, कोणाला आवडले, हे मी त्यात लिहितो. दाजी याला रिकामपणाचे उद्योग म्हणतात. आज चंद्रावतीने 'घंटांचे राज्य' पाचव्यांदा नेले. विचारले, पाठ करतेस की काय? म्हणाली, "मिठागरावरच्या बायकांना वाचून दाखवते, मास्तर. दुपारी भाकरी खायला बसतात तेव्हा. आता पहिल्यापासून पुन्हा ऐकायचंय म्हणतात."

माझा आनंद काय सांगावा. आमच्या वार्षिक अहवालात वाचकसंख्या दरसाल तीच. मी म्हटले, ऐकणारीही वाचकच, नावे सांग. तिने विचारले, "नावं कशाला?" अहवालाला, म्हटले. मग तिने सात नावे सांगितली आणि मी शेऱ्यात लिहून घेतली. जनी हे नाव अहवालात बरे दिसणार नाही म्हणून जानकीबाई असे लिहिले. खाली लिहिले, 'मिठागरावर बायकांस वाचून दाखविते. श्रोत्यांत उत्साह. स्तुत्य उपक्रम.'

२१ ऑक्टोबर, रविवार

काल चीनने हल्ला केला. सगळे बाजारात रेडिओपाशी. वाचनालयात वर्तमानपत्राची पाने चौघांनी चार बाजूंनी धरली आणि एक फाटले.

अशा दिवशीही चंद्रावती आली. या वेळी 'नावांची कोठी' घेऊन गेली. तिची स्वतःची ती आधीच वाचून झालेली; बायकांनी पहिले पुस्तक पुन्हा ऐकून संपवले म्हणे. मी व्याख्यानाचा मुद्दा तिला सांगितला. मला वाटले मान डोलवेल. म्हणाली, "मला तोबियास जास्त आवडतो."

"तो भित्रा? त्याने कोट काढून दिला."

"दिला. पण त्याच्या आधी तीनशे नावं लिहिली. भिऊन भिऊन लिहिली. ओस्करला भीतीच वाटत नाही, मास्तर. ज्याला भीती वाटत नाही त्याचं कसलं कौतुक?"

मी म्हटले, भाषणाचे काय? ती म्हणाली, "जनी ते ऐकून म्हणाली, बोलला छान, पन त्याच्या पाठी त्याची बायको काय खाईल ते बोलला नाय."

मला राग आला. मीठ वेचणाऱ्या बाईने साहित्याबद्दल मला शिकवावे! तिला तसे बोललो नाही. ती निघताना दाराशी थांबली. "मास्तर, एक राहिलं. ओस्कर घंटा फोडणार हे कोणीतरी सांगितलं असेल ना? तोबियासच्या अस्तराचंही कोणीतरी सांगितलंच. दोन्ही पुस्तकांत तो माणूस कोण, हे लिहिलेलंच नाही. त्या तिसऱ्यावर लिहा की."

मुद्दा बरा आहे. पण व्याख्यान दोन बंडखोरांवर आहे, चुगलखोरांवर नाही. वेळ उरला तर बघू.

२८ ऑक्टोबर, रविवार

आणीबाणी जाहीर झाली. दाजी वकील घरी आले. तेच दाजी जे बेचाळीसची भाषणे पंधरा ऑगस्टला दरसाल नव्याने करतात. म्हणाले, "मास्तर, विषय जरा सौम्य करा. बंडखोर हा शब्द गाळा. आणि त्या दोन्ही कादंबऱ्या सध्या बाहेर देऊ नका." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी स्पष्ट सांगितले, शब्द गाळणार नाही. एक शब्द गाळला की माणूस वाक्य गाळायला शिकतो. हे वाक्य मला स्वतःलाच इतके आवडले की व्याख्यानात घेणार आहे.

आमच्या कागदांचे अजून काही नाही. रुथचा भाऊ इस्रायलमध्ये जाऊन सहा वर्षे झाली, तो पत्रामागून पत्र लिहितो की या. पासपोर्टाला पोलिसांचा अहवाल लागतो, तो जूनपासून इथल्या ठाण्यात पडून आहे. रुथने मलिद्याचा नवस बोलला आहे, कागद आले की एलियाहू नबीच्या नावाने पोहे, नारळ, गूळ, फळे सगळे साग्रसंगीत. ती रोज विचारत नाही, पण पोस्टमनची वेळ झाली की ओटीवर येते. मुलगी अबीगेल तर मैत्रिणींचा निरोपही घेऊन बसली आहे.

४ नोव्हेंबर, रविवार

मिठागरावर बायकांनी दोन दिवस काम थांबवले. बांध घालायच्या ऐन दिवसांत. मागणी एवढीच की प्यायचे पाणी खारे नको. अर्ज चंद्रावतीने लिहून दिला आणि ठेकेदाराने तो फौजदाराकडे नेऊन दिला.

ती आज आली तेव्हा मी तिला रागावलो. "ही वेळ आहे का? सीमेवर जवान मरताहेत." ती म्हणाली, "जवानांना मीठ लागतं ना मास्तर? ते भरणाऱ्यांना पाणी लागतं." उत्तर तयारच. म्हणाली, 'नावांची कोठी' वाचून होईतो ठेवते, बायकांची निम्मी झाली आहे. दाजींनी बाहेर देऊ नका सांगितले ते मी तिला सांगितले नाही. दिलेले पुस्तक मागे घ्यायचे, हा माझा धर्म नाही.

११ नोव्हेंबर, रविवार

कालचे लिहितो.

सकाळी प्रार्थनेहून येऊन बसलो होतो. नवे फौजदार घरी आले. सभ्य माणूस. चपला बाहेर काढल्या. म्हणाले, तुमच्या पासपोर्टाच्या कागदांसाठी आलो, उशीर झाला, माफ करा. वाचनालयाचे रजिस्टर त्या दिवशी घरी होते, अहवालासाठी आणले होते. त्यांनी ते टेबलावर पाहिले. "तुमचं वाचनालय फार व्यवस्थित आहे म्हणतात. बघू?" मी दिले. यात लपवण्यासारखे काय? रजिस्टर सार्वजनिक आहे, कोणीही पाहावे.

त्यांनी बरीच पाने उलटली. माझे अक्षर बारीक, त्यांना लागेना. म्हणाले, "ही कामोठ्याची शिक्षिका काय काय नेते, तेवढं जरा उतरवून द्या." मी सांगितले, आज शनिवार, आज मी लिहीत नाही. त्यांनी लगेच खिशातून वही काढली. "बरोबर आहे. तुमचा धर्म कशाला मोडायचा? तुम्ही वाचा, मी लिहितो."

मी वाचले. पुस्तक, तारीख, शेरा. रकाना पुरा वाचायची मला सवय आहे, अर्धे वाचणे म्हणजे खोटे वाचणे. सात नावे वाचली. 'श्रोत्यांत उत्साह' हेही वाचले. ते मध्येच म्हणाले, "हळू, मास्तर," आणि मी हळू वाचले.

ते गेल्यावर रुथ आतून आली. म्हणाली, "लिहायला शनिवार आडवा येतो. वाचायला येत नाही?"

मी म्हटले, धर्मात वाचायला बंदी कुठे आहे? मी तिला समजावले की शेऱ्यात सगळी स्तुतीच आहे, त्याने चंद्रावतीचे भलेच होईल. एक अक्षरही मी लिहून दिलेले नाही.

१४ नोव्हेंबर, बुधवार

काल सकाळी चंद्रावतीला शाळेतून नेले. सातही बायकांना ठाण्यात आणून बसवले. आज बायकांना सोडले, तिला जिल्ह्याच्या तुरुंगात पाठवले. भारत संरक्षण वटहुकूम. त्याला खटला लागत नाही म्हणतात.

मला फार वाईट वाटले. शाळेत तास घेता आला नाही, मुलांना निबंध लिहायला दिला. ठेकेदाराने नेऊन दिलेल्या अर्जाचा हा परिणाम, दुसरे काय! मी तिला सांगितले होते की ही वेळ नव्हे.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

पोलिसांचा अहवाल वर गेला. चौकशीला गेलो होतो, कारकुनाने स्वतःहून सांगितले. जूनपासून अडलेले काम झाले. मी घरी येऊन सांगितले तर रुथने विचारले, "कुठल्या तारखेला गेला?" बारा तारखेला, म्हटले, सोमवारी. ती बोटे मोजू लागली. शनिवार, रविवार, सोमवार. मी म्हटले, सरकारी काम आहे, कधीतरी व्हायचेच होते.

मलिदा कधी करायचा विचारले. म्हणाली, बघू.

२५ नोव्हेंबर, रविवार

व्याख्यान झाले. लढाई थांबली आहे, त्यामुळे लोक मोकळ्या मनाने आले. दोनशे तरी असतील, मागे उभे राहिले होते. दाजींनी शीर्षक बदलून 'दोन कादंबऱ्या: एक तुलना' असे फळ्यावर लिहून घेतले होते. मी ते चालू दिले. शीर्षकात काय आहे?

ओस्करचे भाषण वाचून दाखवले तेव्हा टाळ्या पडल्या. फौजदार पहिल्या रांगेत होते. नंतर हात हातात घेऊन म्हणाले, "तुमचा तो घंटावाला काय माणूस हो! आणि दुसरा अगदीच लेचापेचा."

बंडखोर हा शब्द मी एकदाही उच्चारला नाही, हे मला घरी आल्यावर लक्षात आले. ओघात राहून गेला. तिसऱ्या माणसाच्या मुद्द्यालाही वेळ उरला नाही.

रुथ आली नव्हती. डोके दुखत होते म्हणाली. अबीगेल आली होती, ती म्हणाली, बाबा, छान बोललात. मग येताना वाटेत म्हणाली, "चंद्राताई असत्या तर उठून काहीतरी विचारलं असतं."

९ डिसेंबर, रविवार

बुधाजी आला. वाचनालयाच्या पायरीवर बसून राहिला, आत या म्हटले तर येईना. शेवटी आला. धोतराच्या सोग्यात गुंडाळून 'नावांची कोठी' आणली होती. पुस्तक पंधरा दिवसांचे, पन्नास दिवस झाले, पण मी दंड लावला नाही.

"पोरीला भेटलू," म्हणाला. "बोलली, पयलं मास्तरांचं पुस्तक देऊन ये. मुदत टळली."

मी विचारले, कशी आहे? "खंगलीय. पन रडत नाय." तो पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत राहिला.

"मास्तर, गाव आमच्याशी बोलत नाय. त्या सात बायांना ठेकेदारानं कामावरून काढल्या. त्यांचं म्हननं, आमची नावं पोलिसाला दिली कोनी? वाचाला बसायचो ते नुसतं तिला ठावं. पोलिसाच्या कागदात सातच्या सात व्हती, ती सांगंल तशी. म्हनजे तिनंच दिली, सवताची मान सोडवाया. आमच्या घरातली म्हातारी हिरीवर गेली तर बाया घागरी उचलून बाजूला व्हतात."

मी म्हटले, तिची मान तर सुटलेली नाही.

"तेच मी बोलतंय. पन ऐकतं कोन? पोरीला इचारलं, तर बोलते, आबा, नावं मीच दिली. आवरंच बोलते, बाकी कायबी नाय. तुमी तिला ल्हानपनापासून बगताय. ती असं करंल?"

तिने दिली हे खरेच आहे. मला दिली. पण हे बुधाजीला कसे सांगायचे ते सुचेना.

"आनि एक येडी गोष्ट हाय," तो म्हणाला. "कागदात जनीला जानकीबाई लिवलंय. पोलीस दोन घंटे गावात जानकीबाई हुडकीत व्हते. आमच्यात जनीला जानकीबाई कोन म्हनतं? मी ते पोरीला सांगितलं, तर ती जराशी हसली. पैल्यांदा हसली. बोलली, मास्तरांना सांग, तिसऱ्यावर लिवा. हे काय, मास्तर?"

मी म्हटले, ते साहित्यातले आहे, बुधाजी. पुस्तकातला एक प्रश्न होता.

त्याला ते पटले. पुढल्या रविवारी गावकी बसणार आहे, त्याच्या घराला वाळीत टाकायचे की नाही ते ठरायला. "तुमी या. शिकलेल्या मानसाचं ऐकतील. आवरंच सांगा का तिनं नावं दिली नाय." मी म्हटले येतो. खरोखर येईन असेच मनात होते.

घरी रुथला सांगितले. ती म्हणाली, "जा. आणि सांगा." कागद अजून मुंबईच्या कचेरीत आहेत, पासपोर्ट हातात नाही, आज भलते काही बोललो तर फौजदाराला ते परत मागवायला किती वेळ लागणार, हे मी तिला समजावून सांगितले. ती म्हणाली, "मी जा म्हटलं. सांगा म्हटलं. मला आणखी काही कळत नाही."

१६ डिसेंबर, रविवार

गेलो होतो. सगळे लिहून ठेवतो, कारण उद्या मला ते वेगळे आठवू लागेल.

देवळापुढे गाव बसले होते. मला खुर्ची दिली. पुरुष पुढे, बायका बाजूला, त्या सातजणी एकत्र. बुधाजी एकटाच लांब, त्याच्या दोन्ही बाजूंची जागा मोकळी. मी उभा राहिलो आणि बोललो. फार चांगले बोललो. शाळेतल्या पाच वर्षांतली चंद्रावतीची हुशारी सांगितली, तिचा स्वभाव सांगितला. अर्धा तास झाला असेल. मी सांगितले की अशी मुलगी दुसऱ्याचे नाव कधी सांगणार नाही, आणि गावाने आपल्या लेकीवर विश्वास ठेवावा. काही माणसे मान हलवू लागली होती. बुधाजीने डोळे पुसले.

मग बायकांतून एक पन्नाशीची बाई उठली. सुकलेली, पायांना मिठाच्या पाण्याने पडलेल्या भेगा. मी ओळखले नाही. ती म्हणाली, "मी जनी."

मी नमस्कार केला.

"मास्तर, तुमी चांगलं बोलला. चंद्री पन असंच वाचाची, कलजाला लागंल असं. माजं आवरंच इचारनं हाय. तिनं नाय दिली, तर नावं कुनी दिली?"

फौजदाराने पाठवलेला एक शिपाई पाठीमागे पिंपळाला टेकून उभा होता. तो तिथे होता हे मी आधीच पाहिले होते. मी खरे तेच लिहितो. मी शिपायाकडे पाहिले, मग बुधाजीकडे पाहिले. मग म्हटले, "ते मला सांगता येणार नाही."

"ठावं नाय, का सांगता येत नाय?"

"सांगता येत नाही."

ती उभीच राहिली. माझ्याकडे बघत होती. तिच्या मनात काय आले देव जाणे. मग म्हणाली, "मंग तिनंच," आणि खाली बसली.

बुधाजीचे घर वाळीत टाकले. त्याच्याकडे विस्तव नाही, पाणी नाही, मयतीला खांदा नाही. तो मला बांधापर्यंत पोचवायला आला. म्हणाला, "तुमी आला आवरं लय झालं, मास्तर." मी परतताना बांधावर दोनदा बसलो. इतके चालायची सवय राहिलेली नाही.

३० डिसेंबर, रविवार

पासपोर्ट आले. निघायची तारीख सात जानेवारी.

रुथने आज मलिदा केला. आपली घरे सगळी आली होती, प्रार्थना झाली. खाली बसायला जागा नव्हती. तिने सगळ्यांना वाढले, शेजारच्या मुलांनाही दिले. एक ताट वेगळे झाकून ठेवले होते. विचारले, हे कोणाचे? म्हणाली, "कामोठ्याला जायचंय." अबीगेलला बरोबर घेऊन संध्याकाळी स्वतः चालत जाऊन बुधाजीच्या घरी देऊन आली.

मला वाढायचे राहून गेले. गर्दीच तेवढी होती.

६ जानेवारी १९६३, रविवार

उद्या सकाळच्या एस.टी.ने मुंबई.

आज वाचनालयाचा ताबा दाजींना दिला. पुस्तके मोजून, कपाटे दाखवून. नोव्हेंबरात त्यांच्या सांगण्यावरून त्या दोन कादंबऱ्यांसाठी मी एक लहान कपाट कुलुपाचे केले होते. 'घंटांचे राज्य' तेव्हाच त्यात ठेवले. 'नावांची कोठी' बुधाजीने आणल्यावर ठेवले.

सकाळी मी एक पत्र लिहिले. चार ओळींचे, माझे भाषण नव्हे. 'ती सात नावे १० नोव्हेंबर रोजी मी माझ्या घरी फौजदारांना वाचून दाखविली. चंद्रावतीने पोलिसांना कोणाचेही नाव दिलेले नाही. जनीचे नाव जानकीबाई असे मीच लिहिले होते.' खाली पूर्ण सही केली, नाथन एलिएझर पळस्पेकर. लिहिताना हात कापला नाही याचे मला बरे वाटले. तोबियासचा कापला असता.

ते पाठवायचे कोणाला, यावर बराच वेळ गेला. गावकीला टपालाने पाठवावे, तर आमची एस.टी. सुटायच्या आधी ते पोचले आणि फौजदाराच्या हाती गेले म्हणजे? बुधाजीला द्यावे, तर त्याला वाचता येत नाही. जनीला येत नाही. त्या गावात कागद वाचून दाखवणारी एकच होती.

मुंबईहून टाकता येईल असेही मनात आले. पण तिथे सामानाची धांदल, विमानाची वेळ.

शेवटी पत्र 'नावांची कोठी'मध्ये ठेवले, तोबियास कोट काढून देतो त्या पानात. कधीतरी काळ बदलेल, कपाट उघडेल, कोणीतरी ते पुस्तक नेईल आणि त्याला ते सापडेल. मी कपाटाला कुलूप लावून किल्ली दाजींना दिली. त्यांनी ती कुठली हे न विचारता जुडग्यात ओवली.

मग रजिस्टर पुरे केले. चंद्रावतीच्या नावापुढे लिहिले, 'परत. सुस्थितीत.' शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावे हे सुचेना. अकरा वर्षांत तो कधी रिकामा राहिला नव्हता. तसाच सोडला.

घरी आलो तेव्हा ट्रंकांना दोऱ्या बांधून झाल्या होत्या. रुथ शेवटच्या ट्रंकेवर बसली होती. तिने विचारले, "तुमचं काही राहिलं नाही ना?"

म्हटले, नाही.